शाल आधी, बस नंतर

मुलांनो,

तुमच्या बाबाने फोनवर सांगितलं की माझा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला. धारहून कुणीतरी तो इंदूरला पाठवला, इंदूरहून पुण्याला, आणि पुण्याहून तो समुद्र ओलांडून थेट तुमच्या स्वयंपाकघरात. त्यात तुमची आजी गणपतीच्या स्टेजवर बंद पडलेल्या माईकमध्ये ओरडते आहे आणि समोरची सगळी माणसं 'मोरया' म्हणताहेत. धाकटीने म्हणे विचारलं, "आजीला काय झालं?" आणि थोरल्याने, "आजी चिडली होती का?"

काहीही झालेलं नाही. चिडले होते. अजून चिडलेली आहे, म्हणून तर लिहायला बसले. व्हिडिओ जिथे सुरू होतो त्याच्या आधीचं सगळं क्रमाने सांगते. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण ही हकिगत इंग्रजीत सांगायची नाही. इंग्रजीत मला राग फार सभ्य येतो. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं हे ठाऊक आहे, तेव्हा बाबाकडून मोठ्याने वाचून घ्या.

सुरुवात देवासची. तुमचे आजोबा तिथे एका कारखान्यात लेबर ऑफिसर होते. कामगारांचं म्हणणं मालकाच्या वतीने ऐकून घ्यायचं आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचं, अशी ती नोकरी. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला युनियनचा पुढारी असायचा. खानदेशातून पोटासाठी आलेला, स्वतः मशीनवर उभा राहणारा, उंच, खणखणीत आवाजाचा. मला वहिनी म्हणायचा. त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की हा एका माणसावरचा राग होतो, आणि तो तेवढाच नाही.

आमची कॉलनी गेटच्या अगदी समोर होती. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला गेटवरचं सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. बोलणी करायला आत जाण्याआधी हा माणूस एका पालथ्या ड्रमवर चढायचा आणि आत काय बोलणार ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायचा. मग विचारायचा, "यही बोलूँ? कुछ जोड़ना है? कुछ काटना है?" कुणी काही जोडायचं, कुणी कापायचं, आणि मग तो आत जायचा. आत साहेबांच्या खोलीत चहा यायचा, त्याला तो हात लावत नसे. बाहेर आला की पुन्हा थेट ड्रमवर. कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला तर म्हणायचा, "पहले सुन लो." आपण काय बोललो ते आधी सांगायचा, मग समोरचे काय म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत. त्याला स्वतःला काय वाटतं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही कुणी विचारलं तरच.

एकदा कंपनीने पाळी सुटायची वेळ पुढे ढकलली. खेड्यांतून येणाऱ्या माणसांची शेवटची बस त्यामुळे चुकू लागली. पुढारी आत गेला, पुष्कळ वेळाने बाहेर आला, ड्रमवर चढला आणि म्हणाला, "हारकर आया हूँ. साहब ने पूरा सुना और ना बोल दिया."

खालून आवाज आला, "बिक गया क्या, भिया?" दुसऱ्याने त्याहून वाईट काही म्हटलं, ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. तो ड्रमवर उभा राहून सगळं ऐकत होता. उतरला नाही.

त्या रात्री जेवताना तुमचे आजोबा भाताशी नुसते खेळत होते. म्हणाले, "आज मी जिंकलो. आणि शिव्या तो खात होता. मी नसतो गेलो गेटवर. मागच्या दाराने घरी आलो असतो."

दुसऱ्या दिवसापासून कामगार पाळी सुटली की घरी न जाता गेटवरच बसू लागले. काही दिवसांनी कंपनीने वेळ पुन्हा पहिल्यासारखी केली. ते बसले, कारण उत्तर 'नाही' आहे हे त्यांना कळलेलं होतं. उत्तरच कळलं नसतं तर ते आणखी वाट बघत राहिले असते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढे तो मोठा झाला. पीथमपूरच्या कारखान्यांत त्याची युनियन पसरली, आणि कामगारांच्या मतांवर तो आमदार झाला. निकालाच्या दिवशी आजोबांनी पेढे आणले होते, युनियनवाल्यासाठी लेबर ऑफिसरने! त्यानंतर दोन पावसाळ्यांनी आजोबा गेले. निवृत्तीनंतर आम्ही माझ्या माहेरगावी, धारला, घर बांधलेलं होतं. तिथे मी राहते आणि वरची खोली भाड्याने देते.

त्या खोलीत राहणारी मुलगी तुम्ही पाहिली आहे. मागच्या सुट्टीत तिने तुम्हाला पानांत भाजलेली मक्याची भाकरी करून घातली होती आणि थोरल्याने हात चाटले होते. ती गंधवानीकडच्या एका लहान गावची. पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासून खोक्यांत भरण्याच्या विभागात आहे. तिच्या गावातून नोकरीसाठी बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. वडिलांनी एकाच अटीवर पाठवलं: कंपनीची बस धार गावात आणून सोडते, आणि बसथांब्यापासून माझं घर हाकेच्या अंतरावर आहे. ते स्वतः येऊन थांबा बघून गेले, माझं घर बघून गेले, आणि मला हात जोडून म्हणाले, "मास्टरनी बाई, लड़की आपके भरोसे."

यंदाच्या उन्हाळ्यात बसच्या ठेकेदाराने गावात शिरणं बंद केलं. गावात गर्दी फार, वळायला जागा नाही, असं म्हणाला. रात्री सुटणाऱ्या दुसऱ्या पाळीच्या मुलींनाही तो बायपासच्या नाक्यावर उतरवू लागला. तिथून गावापर्यंत रस्त्याला दिवे नाहीत, ढाब्यांपुढे ट्रक उभे असतात, आणि ट्रकखाली माणसं बसलेली असतात. काही मुलींनी नोकरी सोडली. आमच्या मुलीच्या वडिलांना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला: "दिवाली तक देखता हूँ. फिर घर आ जा." एकदा घरी गेली की ती परत येणार नाही, तिचं लग्न होईल, आणि पट्ट्या तपासणारे ते हात कुणाच्या तरी शेतात कापूस वेचतील. तिला ते माहीत होतं. मलाही.

मी तिला म्हटलं, "आपल्या आमदाराकडे जा. मी त्याला देवासपासून ओळखते. तो आत जाऊन बोलेल आणि बाहेर येऊन जे झालं ते सांगेल. हरला तरी सांगेल." माझ्या शब्दावर ती मुलींना घेऊन त्याच्या कार्यालयात गेली. त्याने ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि एके दिवशी तो खरंच कारखान्यात गेला. मुली गेटवर उभ्या राहिल्या. पहिली पाळी सुटली, दुसरीचा भोंगा झाला, तरी तो बाहेर आला नाही. मग गेटवरचा शिपाईच म्हणाला, "किसकी राह देख रही हो? साहब तो पीछे के माल वाले गेट से कब के निकल गए."

संध्याकाळी त्याच्या सहायकाचा आमच्या मुलीला फोन आला. "बात हो गई है, बहनजी. समझो काम हो गया."

मुलींनी समजून घेतलं. काही जणी कंपनीच्या मोठ्या साहेबांना स्वतः भेटायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. काम झालंय म्हटल्यावर भांडायचं कशाला? आणि रोज त्या नाक्यावरच उतरत राहिल्या. मी माळ्यावरची मोठी बॅटरी काढून तिला दिली. रोज फाटकाशी उभी राहून वाट बघायची, आणि रोज मनात म्हणायची की उद्यापासून बस आत येईल.

आता आपल्या मंडळींबद्दल. इथला आपला मराठी समाज तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीत दहा दिवस कार्यक्रम, मुलांची नाट्यछटा, बायकांचं भजन, आणि एक दिवस कुणाचातरी सत्कार. सत्काराशिवाय आपल्याला गणपती पावल्यासारखा वाटत नाही. यंदा कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "आमदारसाहेबांचा करू. आपला माणूस आहे. मराठी माणूस इथे आमदार होतो म्हणजे काय! शिवाय मुलींसाठी बसही आणली त्यांनी."

मी म्हटलं, "बस आलेली नाही."

"येईल हो, वहिनी."

"मग आल्यावर करा सत्कार."

अध्यक्ष हसले. इतर सगळेही हसले. "अहो, तुम्हाला राजकारण कळत नाही. आधी शाल घालायची. एकदा चारचौघांत शाल घेतली की माणसाला काम करावंच लागतं. लाजेकाजेस्तव!"

हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि एक जण हळूच म्हणाले की सभागृहाच्या पत्र्यांचंही तेव्हाच बोलून टाकू. शिकली-सवरलेली, पिढ्यान्‌पिढ्या संस्थानांच्या कचेऱ्यांत कारभार केलेल्या घरांतली ही माणसं, आणि त्यांची खात्री अशी की लोकरीचा तुकडा खांद्यावर टाकला की माणूस बांधला जातो! दोन दिवसांत फलक लागला: 'धार नगरात महिला कामगारांसाठी बससेवा सुरू केल्याबद्दल जाहीर सत्कार'. फलकावर त्याचा फोटो गणपतीपेक्षा मोठा होता.

वर राहणाऱ्या मुलीला मी तो वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दादीजी, आपके लोगों में काम से पहले शाल देते हैं क्या?"

तिने दुसऱ्या कुठल्या सुरात विचारलं असतं तर रागावता आलं असतं, पण ती खरंच माहिती विचारत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी रविवार होता, तिला सुट्टी होती. मी तिला म्हटलं, चल, समोर बस. शेवटचं आभारप्रदर्शन दरवर्षी माझ्याकडे असतं. मी कुणाला विसरत नाही आणि लांबण लावत नाही, म्हणून.

आमदार आला. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. मग तो बोलायला उभा राहिला, आणि काय बोलला सांगू? ड्रमची गोष्ट! देवासचं गेट, पालथा ड्रम, "यही बोलूँ? कुछ काटना है?", सगळं हुबेहूब. तुमच्या आजोबांचंही नाव घेतलं. म्हणाला, "साहेब विरुद्ध बाजूला होते, पण माणूस सोन्याचा. त्यांच्याकडून मी शिकलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. मला वाटलं, अंगावरून कुणीतरी माझंच लुगडं ओढून नेतंय आणि जमलेले लोक त्या रंगाचं कौतुक करताहेत. ड्रमवरून तो उतरला होता, ते एक वेळ समजू शकते. पण ड्रम बरोबर घेऊन फिरतो, दाखवायला!

मग फोटो. सहायक माईकवरून ओरडला, "लाभार्थी बहनें मंच पर आएँ!" समोर चार-पाच मुली होत्या, त्यांना हाताला धरून वर चढवलं. आमची मुलगी त्यात. आमदार मध्ये, मुली मागे, फलक वर. त्या मुली आदल्या रात्रीसुद्धा नाक्यापासून बॅटरीच्या उजेडात चालत आल्या होत्या. आणि फोटोत त्या लाभार्थी झाल्या.

मग माझं नाव पुकारलं. मी मांडववाल्यांचे आभार मानले, आवाजाची व्यवस्था बघणाऱ्यांचे मानले, प्रसादाचा शिरा करणाऱ्या बायकांचे मानले. मग म्हटलं, "प्रमुख पाहुण्यांचे आभार मला मानता येत नाहीत. बस गावात आलेली नाही."

मी त्याच्याकडे वळले. "तुम्ही कारखान्यात गेलात. या मुली गेटवर उभ्या होत्या. आत काय झालं ते अजून तुम्ही त्यांना सांगितलेलं नाही. आत्ता सांगा."

तो हसत उठला. "वहिनी, आता ते दिवस राहिले नाहीत. प्रत्येक गोष्टीला प्रक्रिया असते. चर्चा सकारात्मक झालीय..."

"सकारात्मक म्हणजे काय? ते हो म्हणाले की नाही म्हणाले? नाही म्हणाले असतील तर नाही सांगा. देवासला सांगत होता तसं."

अध्यक्षांनी आवाजवाल्या पोराकडे बघून हात हलवला. पोरगा मालव्यातला, खुर्चीवरूनच म्हणाला, "बंद करूँ क्या, भिया? अम्मा तो सही बोल री है." पण त्याने माईक बंद केला. मी तशीच बोलत राहिले. तेव्हा अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले आणि गळा फाडून ओरडले, "गणपती बाप्पा..."

आणि मुलांनो, सगळा मांडव म्हणाला, "मोरया!" पुन्हा, "मोरया!" ज्यांना माझा प्रश्न पटला होता तेही म्हणाले. सवयच आहे, समोरून तेवढं आलं की आतून आपोआप उत्तर येतं. माझ्या स्वतःच्या तोंडूनही एकदा 'मोरया' निघालं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. देवाचं नाव आमच्या तोंडात कोंबून अध्यक्षांनी प्रश्न बुडवला. तुमच्यापर्यंत आलेला व्हिडिओ इथे सुरू होतो आणि इथेच संपतो.

पुढचं कुणी चित्रित केलं नाही. आमदार घाईने स्टेजच्या पायऱ्या उतरत होता. आमची मुलगी खाली पायरीशी उभी राहिली. बाजूला झाली नाही. आवाज चढवला नाही.

"साहब, वो क्या बोले?"

सहायक मध्ये आला, "बहनजी, बाद में." ती जागची हलली नाही. आमदाराने तिच्याकडे बघितलं. मी जवळ पोचले होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. एक क्षण तो देवासचा चेहरा झाला.

"ना बोले," तो म्हणाला. "ठेकेदार नहीं मान रहा, कंपनी उस पर दबाव नहीं डालेगी. मैंने कहा, ठीक है, बाद में देखते हैं."

"आपने ठीक है बोला?"

तो खांद्यावरची शाल सारखी करू लागला.

"उसी दिन बता देते," ती म्हणाली. "हम खुद चले जाते. हम तो बैठे रहे कि हो गया."

तो शालीसकट गाडीत बसला आणि गेला.

राग कशाचा ते आता स्पष्ट लिहिते. तो हरला याचा राग नाही. देवासलाही हरला होता, आणि त्या दिवशी आमच्या घरात त्याच्याबद्दल आदर वाढला होता. पण लोकांनी आपलं तोंड काही काळ त्याच्या स्वाधीन केलं होतं. त्याला बोलता आलं नाही तर ते परत करायला हवं होतं. याने ना बोलणं केलं, ना तोंड परत दिलं. वर 'समझो काम हो गया' सांगून मुलींना गप्प बसवलं. ठेकेदाराला जे जमलं नसतं ते याने करून दिलं. आणि आम्ही त्याबद्दल त्याला फेटा बांधला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटताना आणि दुसरी भरताना, दोन्ही वेळच्या मुली गेटवर थांबल्या. आत जाईनात, घरीही जाईनात. कंपनीने शेवटी तिघींना आत बोलावलं, त्यात आमची मुलगी होती. मी तिथे नव्हते, हे तिने मला सांगितलेलं सांगते. आत बिस्किटं ठेवली होती. तिने घेतली नाहीत. बाहेर येऊन ती फाटकाजवळच्या दगडावर चढली आणि म्हणाली, "नहीं माने. बोले, ठेकेदार की मर्ज़ी. अब बताओ, क्या करना है?" मी तिला ड्रमची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. आमदाराच्या भाषणातून तिने ती उचलली. त्याच्या भाषणाचा तेवढा एक उपयोग झाला.

मुलींनी ठरवलं की बस नाक्यावर थांबली तर उतरायचंच नाही. आणि त्या उतरल्या नाहीत. ड्रायव्हर बिचारा ओरडला, गाडी बंद करून बसला, ठेकेदाराला फोन केले, आणि शेवटी गावात घेऊन आला, कारण त्यालाही घरी जायचं होतं. असं बरेच दिवस चाललं. मग कंपनीने ठेकेदाराला कळवलं की गावातच जा.

मधल्या काळात मला आमदाराचा फोन आला होता. "वहिनी, तुम्ही माझा चारचौघांत अपमान केलात. साहेब असते तर असं बोलले नसते."

मी म्हटलं, "साहेब असते तर ते बोलले नसते, खरं आहे. ते मालकाची नोकरी करत होते. तुम्ही कुणाची करता?" फोन त्याने ठेवला की मी, आता आठवत नाही. समाजाच्या कार्यकारिणीतूनही मला मोकळं करण्यात आलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. माझी प्रकृती उत्तम आहे.

दिवाळीच्या आधी मुलीचे वडील आले. हातात रिकामी पिशवी होती, तिचं सामान न्यायला. मी चहा केला. म्हटलं, बस गावात येते आता. ते म्हणाले, "देखकर जाऊँगा." मुलीची पाळी त्या आठवड्यात सकाळची होती. दुपारी आम्ही दोघं थांब्यावर जाऊन उभे राहिलो. बस गावात आली, वळली, अगदी आमच्या पुढ्यात थांबली आणि मुली उतरल्या. वडिलांनी बस पुढून मागून नीट पाहिली, बैल बघावा तशी. पुढच्या काचेवर आमदाराचा हसरा फोटो चिकटवलेला होता, शाल पांघरलेला, आमच्याच मांडवातला. खाली लिहिलं होतं, 'सौजन्य'.

"ये साहब ने चलवाई?" वडिलांनी विचारलं.

"नहीं, बा," मुलगी म्हणाली. "हमने."

वडिलांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. पुढची बस पकडून ते गंधवानीला परत गेले.

मुलीने त्या फोटोच्या कोपऱ्यात नख घातलं. "फाड़ दूँ, दादीजी?"

मी म्हटलं, "फाडू नको. अर्धा राहील. थांब, घरून पाणी आणि जुनी फूटपट्टी आणते. भिजवून काढू, म्हणजे पूर्ण निघेल."

ड्रायव्हरने खिडकीतून वाकून पाहिलं आणि गाडी बंद केली.